योरिसची गाडी

जुनी मोटोक्रॉसची गाडी बघायला गेलं की विकणाऱ्याशी नमस्कार-चमत्कार नंतर, आधी इंजिनच्या सिलिंडरवर तळहात टेकवायचा. गार लागला तर पुढचं बोलायचं. कोमट लागला तर सरळ घरी यायचं, कारण तुम्ही पोचायच्या आधी त्याने ती एकदा चालू करून ठेवलेली असते आणि गार गाडी चालू होताना किती रडते ते त्याला लपवायचं असतं. हे मला बाबांनी शिकवलं. आमच्या केंपेन भागात बहुतेकांना ते बापानेच शिकवलेलं असतं. इथली जमीन म्हणजे नुसती वाळू. तिच्यात दोनच पिकं नीट येतात, शतावरी आणि मोटोक्रॉसवाले.

मी त्यातल्या दुसऱ्या पिकातला, पण लवकर करपलेला. विशी ओलांडली तशी गाडी विकली, लग्न केलं आणि लोकांच्या घरात फरश्या बसवायला लागलो. शर्यतीत गुडघे फुटले असते तर निदान सांगायला तरी बरं झालं असतं. माझे फरश्यांवर झिजले. आता चव्वेचाळिशीत पोट पुढे गेलंय आणि केस मागे. अशा माणसाने पुन्हा क्रॉसची गाडी घ्यायची म्हटलं की लोक हसतात. हसू देत.

"तुला झालंय काय योरिस?" माझी बहीण हिल्दे म्हणाली. "या वयात पुरुष एकतर बाई शोधतात नाहीतर सायकल घेतात. तू सायकल घे ना."

मग मी तिला खरं कारण सांगितलं.

बाबा दोन वर्षांपासून वृद्धाश्रमात आहेत. कमील हे त्यांचं नाव, आणि ते त्यांना अजून आठवतं. माझं नाही. आधी ते मला त्यांच्या भावाच्या नावाने हाक मारायचे, मग नुसतं 'अहो' म्हणायला लागले, मग तेही बंद झालं. या वसंतात त्यांना घेऊन आश्रमाच्या बागेत बसलो होतो. बाहेरच्या रस्त्यावरून कुणीतरी टू-स्ट्रोक गाडी पिळत गेला आणि मागे इंजिनात घालतात त्या एरंडेलाचा जळका वास सोडून गेला. बाबांनी मान वर केली. कित्येक महिन्यांत त्यांनी एक सबंध वाक्य उच्चारलं नव्हतं. ते म्हणाले, "पेट्रोल कमी पडतंय तिला. पिस्टन जाळणार हा गाढव."

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "योरिस कुठाय? आला नाही अजून?"

त्यांचा हात माझ्या हातात होता. मी म्हणालो, "बाबा, मी इथेच आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात हळूच काढून घेतला. बसमध्ये अनोळखी माणूस फार चिकटून बसला की आपण सभ्यपणे सरकतो, तसे सरकले.

म्हणजे मी त्यांना आठवत होतो, फक्त समोर बसलेला हा मी सोडून. त्या दिवशी ठरवलं. गाडी घ्यायची, हेल्मेट चढवायचं आणि त्यांच्यासमोर उभं राहायचं. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून योरिस म्हणावं. दुसरं काही मागणं नव्हतं.

"आणि नाही म्हणाले तर?" हिल्देने विचारलं.

"तर गाडी तरी मिळाली." मी म्हणालो, पण ते खोटं होतं आणि तिला ते कळलं.

गावातल्या बटाट्याच्या फ्राइजच्या टपरीवर सगळे शहाणे भेटले. सगळ्यांचा सल्ला एकच. तुझ्या वयाला आणि वजनाला फोर-स्ट्रोक बघ, अडीचशे सीसीची, बटनाने चालू होणारी. एकशेपंचवीस टू-स्ट्रोकच्या नादी लागू नकोस, ती पोरांची गाडी. तुझ्यासारखा धोंडा बसला की वाळूत अशी रुतेल की काढायला ट्रॅक्टर लागेल. बोलत होते ते शंभर टक्के बरोबर होतं. मीही तशीच शोधत होतो. शनिवारी आश्रमातून बाबांना बाहेर न्यायला मिळायचं, म्हणून गाडी बघायला त्यांना बरोबर घेतलं. त्यांच्याशिवाय मी आयुष्यात एकही गाडी घेतली नव्हती.

पहिली गाडी ब्रेश्त नावाच्या माणसाकडे होती. नवीन वसाहत, दारात कापलेलं गवत आणि माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ गॅरेज. फरशी मात्र कुणीतरी वाकडी बसवली होती. गाडी मधोमध उभी होती, नव्याकोऱ्या स्टिकरांनी नटलेली. ब्रेश्त बोलायला लागला तो थांबेना. एकाच माणसाने वापरलीय, फक्त रविवारी काढायचो, बायको मागे लागली म्हणून विकतोय. मी त्याच्याशी हात मिळवला, मान डोलावली आणि मनात रंगाच्या प्रेमातही पडलो.

बाबा माझी बाही धरून उभे होते. त्यांनी बाही सोडली. आम्हा दोघांच्या मधून ते सरळ पुढे गेले आणि सिलिंडरवर तळहात टेकवला.

"कोमट," ते म्हणाले.

"ते दारातून ऊन येतं ना," ब्रेश्त म्हणाला, "म्हणून जरा..."

"तुमच्याकडे ऊन जमिनीतून उगवतं का?"

मी फस्सकन हसलो. बाबांनी सीटखाली बोट घातलं, एअर फिल्टरच्या मागे फिरवलं आणि बाहेर काढून ब्रेश्तच्या नाकासमोर धरलं. बोटाच्या टोकावर बारीक वाळू चमकत होती. "ही आत गेलीय. फिल्टर धड न बसवता पळवलीय हिला. इंजिन आतून घासलेलं असणार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल पोरा."

चल पोरा! मी त्या वाकड्या फरशीवर तसाच उभा राहिलो.  ब्रेश्तला वाटलं असेल गाडी हातची गेली म्हणून माझं तोंड असं झालंय.

त्यांना माझ्या व्हॅनमध्ये बसवलं. काही विचारलं की जुळलेलं मोडेल अशी भीती होती. टपरीवर थांबून फ्राइज घेतले, वर भरपूर मेयोनेज. बाबांनी नेहमीसारखे मऊ बटाटे खाल्ले आणि तळाचे कडक, करपलेले तुकडे कागदात माझ्याकडे सरकवले. लहानपणापासून ते तुकडे माझे. मी ते एकेक करून खाल्ले आणि मला वाटायला लागलं, हेल्मेटचीही गरज नाही, हे तर परत आलेच.

त्याच आनंदात मी दुसरी गाडी बघायला गेलो, खरं म्हणजे जायला नको होतं. ऑगुस्ट हा जुना गुरांचा व्यापारी. त्याच्या गोठ्यात पुतण्याची एक टू-स्ट्रोक पडून आहे असं टपरीवर कळलं होतं. पुतण्या कामाला परदेशात गेला तो गेलाच. एकशेपंचवीस, म्हणजे माझ्या कामाची नव्हेच. पण बाबा आज रंगात आहेत तर त्यांचा हात तिलाही लागू दे, असं मनात आलं.

ऑगुस्टने ताडपत्री ओढली. गाडीवर धूळ, कोंबडीची पिसं आणि एका बाजूला फुटलेलं प्लास्टिक. बाबा गेले, तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

"गार."

मग ते गुडघ्यांवर बसले. ऐंशीला टेकलेला माणूस शेणाच्या जमिनीवर माझ्यापेक्षा सहज बसला. पुढचं चाक धरून हलवलं, बेअरिंग खुळखुळतंय का ते पाहिलं. मागे जाऊन चेन ओढून बघितली. खिशातून चमचा काढला, आश्रमातला असावा, आणि स्पोकांवर एकेक वाजवत गेले. एकाचा आवाज बद्द आला तिथे थांबून म्हणाले, "हा एक कसायचा." फिल्टर काढून वास घेतला. पेट्रोल टाकायला लावलं. दोनदा हळू किक मारली, तिसऱ्यांदा पूर्ण अंग टाकून. गाडी खोकली, गोठाभर निळा धूर झाला आणि मग ती ओरडायला लागली. कोंबड्या पळाल्या. बाबा हसत होते. त्यांचे ते दात मी किती दिवसांनी पाहिले.

आता घेणं भागच होतं. मी ऑगुस्टला किंमत विचारली, त्याने सांगितली. गुरांच्या बाजारात वाढलेला माणूस, सौदा हाताने करणारा. एकाने आकडा बोलायचा आणि दुसऱ्याच्या तळहातावर टाळी द्यायची, दुसऱ्याने आपला आकडा बोलून परत टाळी द्यायची, असं करत जायचं. ज्या टाळीला हात सुटत नाही तिथे सौदा पक्का. मग स्वतः राजा आला तरी तो मोडत नाही. मी हात पुढे केला.

बाबा मध्ये आले. "थांबा हो साहेब," ते म्हणाले. मला म्हणाले.

"बाबा..."

"गाडीला आधी हात मी लावलाय. हो की नाही?" त्यांनी ऑगुस्टला विचारलं. "माझा पोरगा सोळाचा आहे. योरिस. त्याच्यासाठी हवीय मला. या साहेबांना काय करायचीय एकशेपंचवीस? पोट बघा त्यांचं."

ऑगुस्टने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग परत माझ्याकडे. त्या व्यापाऱ्याला माणसं कळत होती. मी मान हलवली, चालू द्या. दुसरं काय करणार होतो?

टाळ्यांवर टाळ्या झाल्या. बाबांनी फुटलेलं प्लास्टिक दाखवलं, बद्द स्पोक दाखवला, दोनदा निघून जायचं नाटक केलं. मला कधी जमली नसती इतकी किंमत त्यांनी खाली आणली. शेवटच्या टाळीला त्यांनी ऑगुस्टचा हात गच्च धरला आणि सोडला नाही. झाला सौदा. मग माझी कीव येऊन त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं.

"वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या वयाला फोर-स्ट्रोक बघा एखादी. बटनवाली येते हल्ली."

पैसे मी ऑगुस्टच्या स्वयंपाकघरात दिले. ऑगुस्टने कॉफी ओतली. ती प्यायलो नाही मी.

परतीच्या वाटेवर बाबा सीटवर उलटे वळून मागच्या गाडीकडे बघत होते. "योरिसला कुणी सांगू नका हं," ते म्हणाले. "रविवारी ट्रॅकवरच दाखवतो. तोंड बघण्यासारखं होईल त्याचं."

"नाही सांगत," मी म्हणालो.

'चल पोरा' कुणालाही म्हणतात लोक. कडक बटाटे दात अधू झालेला कुणीही दुसऱ्याकडे सरकवेल. गाडी चालवता चालवता हे सगळं मला एकदम दिसलं. आणि मला त्या सोळा वर्षांच्या पोराचा इतका राग आला की काय सांगू! माझा बाप पूर्ण त्याच्याकडे होता, हसणं, चमचा, घासाघीस सगळ्यासकट. त्याला त्याची कदरही नव्हती, कारण तो कुठे नव्हताच. एवढा मत्सर मी आयुष्यात कुणाचा केला नाही.

"सोड हा नाद आता," हिल्दे म्हणाली. "बघितलंस ना काय झालं ते?"

"हेल्मेट राहिलंय अजून."

"योरिस!"

"एकदाच," मी म्हणालो. "नंतर विकून टाकतो."

माळ्यावरून जुनी जर्सी काढली, ती छातीच्या खाली उतरेना. हेल्मेट मात्र बसलं. सगळा माणूस सुटतो पण डोकं सुटत नाही. पांढरं हेल्मेट, कपाळावर निळी पट्टी. ती बाबांनी स्वतः रंगवलेली, थोडी वाकडी. हनुवटीखालच्या पट्ट्याला अजून मातीचा वास होता. तो पट्टा मी स्वतः कधी सोडलेला मला आठवत नाही. वाळूत हँडल धरून काही फेऱ्या मारल्या की मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड होतात आणि बोटं मिटतात ती उघडत नाहीत. म्हणून आमच्याकडे प्रत्येक पोराचं कुणीतरी शर्यतीच्या शेवटी उभं असतं, पट्टा सोडायला. माझे बाबा असायचे. दोन बोटांनी पट्टा सोडायचे, हेल्मेट उचलायचे, अंगठ्याने माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यातली वाळू पुसायचे आणि मग शिव्या घालायचे.

रविवारी आम्ही लोमेलच्या ट्रॅकवर गेलो. सरावाचा दिवस होता, शर्यत नव्हती, पण बाबांना ती शर्यतच वाटली. हिल्देने त्यांना कुंपणापाशी घडीच्या खुर्चीत बसवलं, पायावर शाल टाकली. मी व्हॅनच्या मागे कपडे चढवले. हेल्मेट घातलं, गॉगल लावला, हातमोजे घातले. चेहऱ्याचा एक तुकडाही बाहेर राहिला नाही. मग गाडी ढकलत त्यांच्यासमोर गेलो आणि उभा राहिलो. 

बाबा खुर्चीतून उठले. शाल खाली पडली.

"योरिस," ते म्हणाले.

म्हणाले! मी काय सांगू. गॉगलच्या आत सगळं धूसर झालं. हिल्देने तोंडावर हात दाबून पाठ फिरवली.

"किती उशीर रे? कुठे होतास इतके दिवस?"

 आवाज काढला असता तर तो चव्वेचाळीस वर्षांचा निघाला असता. मी नुसती मान खाली घातली. बाबांना तेवढं पुरलं. मी उशीर केला की नेहमी मान खाली घालायचो. त्यांनी माझा पट्टा ओढून घट्ट केला आणि हेल्मेटवर दोन टपल्या मारल्या.

"गाडी आवडली? बोलू नकोस, कळलं. एका लठ्ठ्या साहेबाच्या तोंडातून काढून आणलीय. आता ऐक. कोपरं वर. मागे बस. वाळूत घाबरून ब्रेक दाबायचा नाही, उलट अजून पिळायची. जा."

तिथेच थांबायला हवं होतं. पण बाबांनी जा म्हटल्यावर मी कधी थांबलो होतो? गेलो. आणि काय चालवली, देवा! टपरीवरच्या शहाण्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. गाडी माझ्याखाली रुतत होती, मी तिला उपसत होतो. दोनदा पडलो. माझ्या पोरांच्या वयाची पोरं दोन्ही बाजूंनी वाळू उडवत निघून जात होती. पहिल्या फेरीलाच श्वास संपला. पण कुंपणाच्या वळणावर बाबा उभे होते, दोन्ही हात हलवत, ओरडत होते, "योरिस! कोपर! योरिस!" इंजिनच्या आवाजातही मला ते स्पष्ट ऐकू यायचं. ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला मी मरायला टेकायचो आणि वाटायचं, अजून एकदा त्या वळणावर जाऊ, अजून एकदा ऐकू. मग अजून एकदा. शहाणा माणूस दुसऱ्या फेरीला बाहेर आला असता. मी माझं नाव ऐकायला फिरत राहिलो. कोपरापर्यंतचे हात गेले, मग बोटं गेली, गुडघे तर कधीच गेले होते.

शेवटी हँडल धरवेना. बाहेर आलो आणि त्यांच्यासमोरच गाडीसकट आडवा झालो.

बाबा पळत आले. वृद्धाश्रमात त्यांना काठी लागते.

"शाब्बास, शाब्बास रे माझ्या पोरा," ते म्हणत होते. "ऊठ. हात गेले ना? दाखव. थांब, मी काढतो."

मला तेव्हा कळलं, आणि हिल्देलाही त्याच क्षणी. "बाबा, राहू द्या," ती धावत आली. "मी काढते, तुम्ही बसा." मी मान मागे घेतली, नाही नाही केलं, त्यांना हाताने दूर सारायला गेलो. हात उचलला, पण मिटलेल्या मुठींनी काही अडवता येईना. बाबांची दोन बोटं हनुवटीखाली आली. पट्टा सुटला. त्यांनी दोन्ही हातांनी गॉगलसकट हेल्मेट उचललं आणि वाळू पुसायला अंगठा माझ्या डोळ्याकडे आणला.

अंगठा मध्येच थांबला.

ते बघत राहिले. माझं टक्कल, पांढरी दाढी, घाम. मी म्हणालो, "बाबा, मीच आहे." म्हणायला नको होतं. पण न म्हणून तरी काय उरलं होतं?

"माफ करा हं," ते म्हणाले. "मला वाटलं माझा मुलगा." मग त्यांचं लक्ष हातातल्या हेल्मेटकडे गेलं, निळ्या वाकड्या पट्टीकडे. "हे त्याचं आहे. तुमच्याकडे कसं आलं?"

"द्या, बाबा. मी परत घालतो," मी म्हणालो. "एक मिनिट द्या फक्त."

"नाही देणार." त्यांनी ते छातीशी धरलं. "आजच्या दुसऱ्या शर्यतीला लागेल त्याला."

हिल्देने त्यांना खुर्चीवर नेऊन बसवलं. हेल्मेट मांडीवर घेऊन ते ट्रॅकच्या तोंडाकडे बघत बसले. आत जाणाऱ्या प्रत्येक पोराकडे मान वळवून बघायचे आणि मग मान परत जागेवर आणायचे. मी शेजारी वाळूत बसलो, कारण उभं राहता येत नव्हतं.  मग शेजारच्या माणसाशी दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी विचारलं, "तुमचं कोण आलंय आज?"

"वडील आलेत," मी म्हणालो.

"अरे वा. बरं असतं कुणी आलेलं." त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. "कुठे आहेत? दिसत नाहीत."

मी हात उचलला, पण बोटं अजून उघडत नव्हती.